रविवारची वाटणी

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे कॅलेंडर टांगलेलं असतं. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या कधी संपतात, लेकीच्या परीक्षा, सगळा संसार त्याच्यावर लिहिलेला. जानेवारीत नवं कॅलेंडर आलं की जुन्यावरच्या काही नोंदी नव्यावर उतरवून घ्यायच्या असतात. वाढदिवस, श्राद्धाच्या तिथी, विम्याचे हप्ते. त्यांच्यासोबत २०१७ पासून मी आणखी एक नोंद दर वर्षी न विसरता उतरवत आले. सप्टेंबरच्या पानावर, वरच्या कोपऱ्यात, एवढंच: ‘कारवी २०२४’.

२०१६ च्या गणपतीच्या आदल्या शनिवारी मी पत्री आणायला बाहेर पडले होते. येऊरच्या डोंगरातल्या पाड्यांवरच्या बायका पावसाळाभर खाली ठाण्यात भाजी घेऊन बसतात. शेवळं, टाकळा, कुर्डू, कंटोळी, ज्या महिन्यात जे उगवेल ते. माझ्या नेहमीच्या मावशींच्या टोपलीच्या कडेला निळ्या-जांभळ्या फुलांची एक काडी खोचलेली होती. विचारलं तर म्हणाल्या, ‘‘कारवी आहे ताई. यंदा फुलली ना. अख्खा डोंगर भरलाय. बघून या.’’

कारवीबद्दल मी लहानपणापासून ऐकून होते. सात वर्षं नुसती वाढते, आठव्या वर्षी सगळी एकदम फुलते आणि मग मरते. ठाणे-मुंबईच्या डोंगरांत ती २००० साली फुलली, २००८ मध्ये फुलली आणि आता २०१६ मध्ये. २००० साली मी कॉलेजात होते, २००८ मध्ये नवी नोकरी आणि नवं लग्न. दोन्ही वेळा मला पत्ताही लागला नाही. या वेळी मात्र डोंगरावरच्या बाईनं स्वतः निरोप दिला होता. मी म्हटलं, पुढच्या रविवारी जाऊ.

पुढचा रविवार ११ सप्टेंबर. घरी पाहुणे. त्याच्या पुढचा ऑफिसच्या कामानं खाल्ला. २५ तारखेला लेक तापानं फणफणली. ती तेव्हा चार वर्षांची होती. ऑक्टोबरचे पहिले तीन रविवार नवरात्र, दसरा आणि साफसफाई यांत गेले. दिवाळीच्या आधीच्या रविवारी एकदाची वर गेले, तर उतारावर तपकिरी, वाळत चाललेल्या काड्या उभ्या. माझ्या घरापासून तो उतार रिक्षानं पंधरा मिनिटांवर आहे. पंधरा मिनिटांवरची गोष्ट बघायला आता मला आठ वर्षं थांबायचं होतं.

ठाणेकराला डोंगर शोधत जावं लागत नाही. पश्चिमेला येऊर, त्याच्या पलीकडे थेट बोरिवलीपर्यंत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं शंभर चौरस किलोमीटरहून मोठं रान. पूर्वेला खाडी ओलांडली की पारसिकचा डोंगर. मी रोज ठाण्याहून ऐरोलीला लोकलनं जाते. खाडी ओलांडली की डाव्या हाताला पारसिकची भिंत सोबत येते. पावसाळ्यात तिच्यावरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा उतरतात, मार्चमध्ये पळस पेटतो, मेमध्ये नुसता करडा कातळ. कित्येक वर्षं मी तो डोंगर लोकलच्या गजांमधून बघत होते. पाय एकदाही लागला नव्हता.

त्या दिवाळीच्या सुट्टीत, फराळ आटोपल्यावर, मी कॅलेंडर खाली उतरवलं आणि कागद घेऊन बसले. ५२ रविवार कुठे गेले ते मला बघायचं होतं. लग्नं, मुंजी, बारशी मिळून नऊ. पाहुणे आणि पाहुणचार सात. ऑफिस सहा. आजारपणं पाच. सण आणि त्यांची तयारी सात. लेकीच्या शाळेचे कार्यक्रम तीन. एकूण ३७. वर्षअखेरचे येणारे रविवार मोजले तरी पंधरा उरत होते, आणि त्या पंधरा रविवारी काय केलं हे मला आठवेना. खूप वेळ आठवून पाहिलं. कपाट आवरलं असेल, मॉलमध्ये गेलो असू, झोपले असेन. ज्या रविवारवर कुणाचं नाव नव्हतं, तो ज्याला हवा होता त्यानं नेला होता.

दुसरी गोष्ट त्याच कागदावर दिसली आणि ती मला जास्त लागली. नवऱ्याचं सकाळचं क्रिकेट. वर्षातून तीसेक रविवार तो सहा वाजता मैदानावर असतो. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती, आजही नाही. माणसाला तेवढं हवंच. पण तो कधी ‘वेळ काढून’ गेला नव्हता. तो जायचा. मी मात्र वेळ काढायला बसले होते, आणि काढायचा म्हटलं की कुणाच्या तरी वाट्यातून काढते आहे असं वाटत राहायचं. मी कागद त्याच्यासमोर ठेवला. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘वाटून घेऊ.’’

तेव्हापासून आमच्या घरात रविवारची वाटणी आहे. महिन्याचा पहिला रविवार माझा. दुसरा त्याचा. तिसरा सगळ्यांनी मिळून बाहेर पडायचा. चौथा घराचा, नातेवाइकांचा, लग्नाकार्याचा. पाचवा रविवार वर्षातून चार-पाच वेळाच येतो, तो सासूबाईंना दिला. त्या म्हणाल्या, ‘‘मला काय करायचाय रविवार?’’ पण नको असंही म्हणाल्या नाहीत.

वाटणी तंतोतंत पाळली जात नाही, हेही लिहायला हवं. कार्य निघतं, कुणी दवाखान्यात असतं, रेल्वेचा मेगाब्लॉक असतो. पण मोडलेला रविवार परत मागता येतो, कारण तो कुणाचा होता हे भिंतीवर लिहिलेलं असतं.

माझा पहिला पहिला रविवार डिसेंबरात आला. साडेपाचला उठले, ओट्यावर चहाचं आधण ठेवलं आणि दोन मिनिटं तशीच उभी राहिले. डबे नाहीत, कुणाला हाक मारायची नाही. वॉचमननं विचारलं, ‘‘ताई, एकट्याच?’’ शेजारच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, ‘‘अगं, एकटीच कुठे निघालीस एवढ्या सकाळी?’’ पुढे कितीतरी महिने हा प्रश्न मला दर खेपेला नव्यानं ऐकावा लागला. बाईनं एकटीनं डोंगरात जायचं म्हटलं की त्याला कारण लागतं. देवदर्शन असेल तर चालतं, डॉक्टरनं सांगितलेलं चालणं असेल तर चालतं. नुसतं जायचंय, हे सांगायला मला पुष्कळ दिवस लागले.

उपवन तलावावरून वर चढलं की वनखात्याची चौकी, मग वळणावळणाचा रस्ता. मी रस्ता आणि पाड्यांकडे जाणाऱ्या रुळलेल्या वाटा सोडत नाही. आतलं रान राखीव आहे, परवानगीशिवाय तिथं जायचं नसतं, आणि बिबट्या तिथला रहिवासी आहे. चांगलं उजाडल्याशिवाय मी चौकी ओलांडत नाही आणि संध्याकाळी तिथं थांबत नाही. एकटीनं जायचं ते आधी कुणासोबत पाहिलेल्या वाटेवरच. कुठे जाते आणि किती वाजता परतणार हे घरी कागदावर लिहून ठेवते. भीती वाटते का, असं मैत्रिणी विचारतात. वाटते. जनावराची कमी, माणसाची जास्त. एकदा दोन मोटारसायकली मागेपुढे करत राहिल्या तेव्हा मी सरळ पाड्यावरच्या एका घराच्या ओटीवर जाऊन बसले, तिथल्या आजींनी काही न विचारता पाण्याचा तांब्या पुढे केला. ती भीती अजून माझ्यासोबत असते, पाण्याच्या बाटलीसारखी, पण तिच्यापायी मी घरी बसलेले नाही.

एकटीनं गेल्यावर काय मिळतं ते मला मुंग्यांनी दाखवलं. दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला, वाटेकडेच्या एका झाडाच्या खालच्या फांदीवर तांबड्या मुंग्या पानं शिवत होत्या. शिवत होत्या हे मी उगाच म्हणत नाही. दोन पानांच्या कडांमध्ये बोटभर अंतर होतं. मुंग्यांची एक रांग एका पानाची कड पायांनी धरून, दुसऱ्या पानाची कड जबड्यात पकडून ओढत होती, जशा आपण दोघीजणी चादरीची घडी घालताना टोकं ताणतो. कडा जवळ आल्यावर आतून आणखी मुंग्या आल्या, प्रत्येकीच्या तोंडात एक पांढरी अळी. त्यांचंच पोर. ती अळी या पानाला टेकवायची, मग त्या पानाला, पुन्हा या पानाला. अळीच्या तोंडातून रेशमाचा धागा निघतो आणि त्यानं पानं सांधली जातात. मोठ्या मुंगीला धागा काढता येत नाही, तो फक्त अळीला येतो. मी तिथं चाळीस मिनिटं उभी होते. मान अवघडली, दोन-चार मुंग्या चावल्या, पाठीमागे शीळकरी कस्तुर मधूनच शीळ घालत होता. कुणी ‘चल ना’ म्हणालं नाही. चाळीस मिनिटं एका जागी, एका कामाशिवाय, मी लग्नानंतर प्रथमच उभी राहिले असेन.

घरी आले तेव्हा दहा वाजले होते. नवऱ्यानं पोहे केले होते, लेकीचं डोकं न्हाऊन झालं होतं. जग जागच्या जागी होतं.

पुढच्या वर्षी धीर आला तसं लांब जाऊ लागले, ते गटासोबत. आसनगावची पहाटेची लोकल, खिडकीबाहेर अंधार. पारसिकचा १९१६ सालचा बोगदा आला की डब्यात आवाज कोंडायचा आणि झोपलेली माणसं कूस बदलायची. आसनगावला उतरून माहुली. ठाणे जिल्ह्यातल्या उंच डोंगरांपैकी एक, साडेआठशे मीटरच्या आसपास, आणि चढ असा की मधे कुठे सपाटी मिळेल ही आशाच सोडावी लागते. शेवटी लोखंडी शिडी. शहाजीराजांनी निजामशाही वाचवण्यासाठी मोगल आणि आदिलशाहीशी शेवटची झुंज दिली ती १६३६ साली इथून. वर जाऊन त्या सुळक्यांकडे बघताना मी घामानं निथळत होते आणि माझ्या डोक्यात आपल्याला हे जमलं याशिवाय काही नव्हतं. खाली मामांच्या घरी पिठलं, नाचणीची भाकरी आणि ठेचा. त्या जेवणाची चव घरी कितीदा आणायचा प्रयत्न केला. पीठ तेच, चूल नाही आणि भूकही तेवढी नाही.

माहुली जमलं म्हणून मी तिसऱ्या रविवारीही गड बघू लागले, आणि तिथं चुकले.

जुलै २०१९, कर्नाळा. पनवेलच्या पुढे गोवा हायवेवरून जो अंगठ्यासारखा सुळका दिसतो, तो. खाली पक्षी अभयारण्य, वर किल्ला, उंची साडेचारशे मीटरच्या आत. मला वाटलं, मुलांना घेऊन जाण्यासारखा याहून चांगला गड कुठला! लेक सात वर्षांची, नवरा, सासूबाई खाली बाकावर बसणार. मी वेळापत्रक केलं होतं. आठला सुरुवात, साडेदहाला माथा, साडेबाराला खाली, डबा, घरी.

पहिल्या अर्ध्या तासातच लेक वाटेत बसली. ओल्या पालापाचोळ्यात लाल-काळा ‘पैसा’ चालला होता, पावसाळ्यात निघतो तो. तिनं काडी लावली की तो नाण्यासारखा गोल व्हायचा, थोड्या वेळानं सुटायचा, पुन्हा पाय हलवत निघायचा. पायांची लाट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायची. ती मोजायचा प्रयत्न करत होती. ‘‘आई, मधले पाय मोजेपर्यंत पुढचे हलतात.’’ मी म्हटलं, चल, उशीर होतोय. ती उठली. वीस पावलांवर पुन्हा बसली. तिथं दुसरा होता. मी पुन्हा म्हटलं, चल. तिसऱ्यांदा मी तिला दंडाला धरून उठवलं. ती रडली नाही. पण त्यानंतर तिनं काहीच पाहिलं नाही. खाली मान घालून, माझ्या बुटांच्या मागे बूट टाकत चालत राहिली. पाऊण वाटेवर म्हणाली, ‘‘अजून किती?’’, आणि मग दर पाच मिनिटांनी, ‘‘अजून किती?’’ सुळक्याच्या जरा खाली, धुक्यात, तिनं बसकण मारली ती उठेचना. नवरा म्हणाला, ‘‘तू जाऊन ये वर, आम्ही थांबतो.’’

मी गेले. अर्ध्या तासात जाऊन आले. धुक्यात काही दिसलं नाही, आणि दिसलं असतं तरी त्या दिवशी माझ्या उपयोगाचं नव्हतं. उतरताना मला त्या मुंग्या आठवल्या. माझी चाळीस मिनिटं. माझ्या लेकीनं माझ्याकडे दहा मागितली होती.

त्या दिवशी खाली आल्यावर सासूबाईंनी विचारलं, ‘‘काय काय पाहिलंस गं बाळा?’’ ती म्हणाली, ‘‘आईचे बूट.’’

यानंतर तिसऱ्या रविवारला माथा राहिला नाही. जो सगळ्यांत हळू चालतो तो पुढे चालतो, आणि तो थांबला की सगळे थांबतात. बेलापूरच्या किल्ल्याच्या पडक्या बुरुजाजवळ दोन तास, पारसिकच्या टेकडीवर संध्याकाळ, खारघरच्या डोंगररस्त्यावर नुसतं वर जाऊन खाली येणं. वर्षभरात आम्ही एकही गड सर केला नाही. लेक मात्र शनिवारी रात्री स्वतःहून पाठपिशवी भरायला लागली. तिच्यात एक भिंग, एक वही, गूळ-शेंगदाणे. मला उंच जायची हौस असते ती मी पहिल्या रविवारी फेडते. ही दोन्ही वेगवेगळी बाहेर पडणी आहेत आणि ती एकाच दिवशी करायला गेलं की दोन्ही नासतात, हे मला कर्नाळ्यानं शिकवलं. एकटीचा रविवार नसता तर कुटुंबाच्या रविवारी मी अशीच फरफटवत राहिले असते, कारण माझा डोंगर मला त्यातच वसूल करायचा असता.

वसूल करणं हा शब्द मी मुद्दाम वापरते. वेळ मुश्किलीनं मिळाला की माणूस तो वसूल करायला बघतो, आणि पावसाळ्यात हा हट्ट जीवावर बेततो. पनवेलजवळच्या कलावंतीण सुळक्याला मी एकदा एका आयोजकासोबत गेले होते. नाव सांगत नाही. साठ-पासष्ट माणसं, दोन वाटाडे, पाऊस कोसळतोय. वरच्या कातळात कोरलेल्या पायऱ्यांना कठडा नाही, आणि त्या पायऱ्यांवर लोक अर्धा-अर्धा तास रांगेत उभे. मी प्रबळमाचीवरूनच मागे फिरायचं म्हटलं तर आयोजक म्हणाले, ‘‘मॅडम, पैसे परत मिळणार नाहीत.’’ माझ्या शेजारचा एक मुलगा म्हणाला, ‘‘सहा महिन्यांनी सुट्टी मिळालीय हो, आता कुठे मागे फिरायचं!’’ तो वर गेला. सुखरूप परतला, देवाची कृपा. पण त्याचं वाक्य माझ्या मनातून जात नाही, कारण ते मीही म्हटलं असतं. वर्षभराचे रविवार भिंतीवर लिहिलेले असले की मागे फिरणं सोपं जातं. पुढचा महिना असतो. खारघरच्या पांडवकड्यावर पावसाळ्यात बंदी असते, दर वर्षी तरीही लोक पोलिसांची नजर चुकवून जातात, आणि दर पावसाळ्यात अशा धबधब्यांवरून बातम्या येतात. त्या बातम्यांतली बहुतेक मुलं कॉलेजातली असतात. वाचवत नाही.

इर्शाळगडाखालच्या वाडीत मी २०१८ च्या हिवाळ्यात कोरा चहा प्यायले होते. कुडाच्या भिंतीचं घर, शेणानं सारवलेली ओटी, ओटीवर वाळत घातलेल्या मिरच्या. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगराचा भाग त्या वाडीवर आला. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसांचा पत्ताच लागला नाही आणि शोध थांबवावा लागला. त्या घरातलं कोण राहिलं, कोण गेलं, मला माहीत नाही. मी त्यांची नावं विचारली नव्हती. चहाचे पैसे दिले, थँक्यू म्हटलं, निघाले. तेव्हापासून ज्या घरात पाणी पिते तिथं नाव विचारते, आणि ते वहीत लिहून ठेवते.

पाचव्या रविवारांचं काय झालं ते राहिलंच. सासूबाई कित्येक पाचवे रविवार देवळात, बहिणीकडे, असे घालवत राहिल्या. मग २०२३ च्या जानेवारीत, २९ तारखेच्या पाचव्या रविवारच्या आठवडाभर आधी, भाजी निवडता निवडता म्हणाल्या, ‘‘नाणेघाट जमेल का?’’

त्यांचं माहेर मुरबाड तालुक्यातलं, टोकावड्याच्या बाजूचं. घाटाच्या अगदी पायथ्याशी. आम्ही इतकी वर्षं डोंगर डोंगर करत होतो आणि घरातलं डोंगरातलं माणूस खाली बाकावर बसवून जात होतो. त्यांच्या गुडघ्यांना कोकणातून चढणं शक्य नव्हतं, म्हणून गाडीनं माळशेज चढून, जुन्नरच्या अंगानं वळसा घेऊन, घाटमाथ्यावर गेलो. तिथून घाटाच्या तोंडाशी उतरायला थोडंच चालावं लागतं. काठी एका हातात, दुसरा हात नातीच्या खांद्यावर.

नाणेघाट हा कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून जुन्नरकडे जाणारा सातवाहनांच्या काळातला व्यापारी मार्ग. वर दगडाचा मोठा रांजण आहे, जकातीचा म्हणून ओळखला जातो. जरा खाली गुहा, आणि तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख. सातवाहनांची राणी नागनिका हिचा. त्यात यज्ञांची आणि दानांची यादी आहे, किती गाई दिल्या, किती कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, दिली, आणि ते आकडे आकड्यांत कोरलेले आहेत. भारतात दगडावर सापडणाऱ्या सगळ्यांत जुन्या अंकांमध्ये त्यांची गणना होते. राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्तीही तिथं होत्या. आता भिंतीशी नुसत्या पावलांच्या खुणा उरल्यात. लेक भिंगातून अक्षरं बघत होती. मी सासूबाईंना सांगितलं, हे एका राणीनं लिहून ठेवलंय. त्या म्हणाल्या, ‘‘बाईनं? एवढा हिशेब?’’ आणि भिंतीवरून हात फिरवणार होत्या, मग स्वतःच मागे घेतला.

मग त्या घाटाच्या तोंडाशी गेल्या. खाली कोकण उघडं पडलेलं, थंडीतलं धुरकट. जरा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग काठी उचलून दाखवलं. ‘‘ती झाडी दिसते ना, त्याच्या अलीकडे आमचं घर. इथनं वर वडलांसोबत आलेली मी, घाटघरला लग्नाला. अनवाणी. दहा-अकरा वर्षांची होते.’’ लेकीनं विचारलं, ‘‘आजी, मग तू पण ट्रेकिंग करायचीस?’’ त्या म्हणाल्या, ‘‘आम्ही लाकूडफाट्याला जायचो गं. पहाटे जायचं, मोळी घेऊन यायचं. डोंगरात जायला वेळ काढावा लागतो, हे मला तुमच्याकडे आल्यावर कळलं. आम्हाला डोंगरातनं घरी यायला उशीर व्हायचा म्हणून बोलणी बसायची.’’

त्यांनी पदरानं डोळे टिपले, की वारा होता म्हणून, ते मी विचारलं नाही. परतीच्या वाटेवर, माळशेजच्या वळणांवर, त्या लेकीला एकेक भाजी सांगत होत्या. कुठली कोवळी असताना खायची, कुठली चिंच घातल्याशिवाय घसा खाजवते. लेक वहीत लिहीत होती. सात वर्षं मी हिला रानात फिरवत होते आणि पुस्तकातून पक्ष्यांची नावं शोधत होते.

आणि मग २०२४ आलं.

१ सप्टेंबर माझा रविवार होता. एकटी वर गेले. कारवीच्या काड्यांच्या टोकांना कळ्या घट्ट धरलेल्या, शेकड्यात एखाद-दुसरी उमललेली. मी त्यातल्या एकीपाशी बसून राहिले. पुढचा रविवार दीड दिवसाच्या गणपतीच्या विसर्जनाचा. त्याच्या पुढचा, १५ तारखेचा, सगळ्यांचा. उद्यानाच्या वाटाड्यासोबत, रीतसर परवानगी काढून चौघंही गेलो.

लांबून ती धुकं साचल्यासारखी दिसते, निळसर. जवळ गेल्यावर आधी आवाज येतो. मधमाश्या. एवढ्या की त्यांचं गुणगुणणं छातीत जाणवतं. मग फूल. तर्जनीच्या पेरांएवढं, घंटेसारखं, बाहेरून फिकट, आत गडद जांभळं, आणि देठाशी बोट लावलं तर चिकट. माणसाच्या डोक्याच्या वर गेलेल्या काड्या, आणि त्यांच्यामधून पायवाट. सासूबाई एका काडीला हात लावून म्हणाल्या, ‘‘आमच्या घराच्या भिंती याच्याच. फुलून गेली, वाळली, की तोडायची. कुडाला याच्यासारखी काठी नाही.’’ लेकीनं हिशेब केला. ‘‘पुढच्या वेळी मी वीस वर्षांची. आई, तू पन्नाशीची. आजी...’’ आणि गप्प झाली. आजी म्हणाल्या, ‘‘मी आत्ता बघितली ना.’’

नवरा फोटो काढत होता, मग त्यानं फोन खिशात ठेवला आणि तोही नुसता उभा राहिला. त्या उतारावर आम्ही किती वेळ होतो मला सांगता येणार नाही. वाटाड्यानं दोनदा हाक मारली तेव्हा निघालो.

वाटाडा जाताना एक गोष्ट सांगून गेला होता. फुलं गेली की बोंडं धरतात, वर्षभर काडीवरच वाळत राहतात, आणि पुढच्या पावसाचं पाणी लागलं की फुटतात. आवाज येतो. म्हणून कॅलेंडरवर २०२५ च्या जूनचा पहिला रविवार मी माझ्या नावावर पक्का केला. पण त्या वर्षी पावसानं कुणालाच विचारलं नाही. २६ मेलाच मान्सून मुंबई-ठाण्यात येऊन धडकला, एवढ्या लवकर तो पूर्वी कधी आल्याची नोंद नाही. सोमवार होता. रात्री लेक म्हणाली, ‘‘आई, बोंडं आजच भिजली असणार.’’

मंगळवारी सकाळी मी ऑफिसला अर्ध्या दिवसाची रजा कळवली. पाऊस जरा थांबला होता. साडेसातला आम्ही दोघी येऊरच्या रस्त्यावर होतो, छत्र्या, गूळ-शेंगदाणे, भिंग. कडेच्या उतारावर मेलेल्या कारवीच्या काड्या काळपट, ओल्या. आम्ही थांबलो. सुरुवातीला पानांवरून गळणारं पाणीच ऐकू येत होतं. मग एक टक्. जरा वेळानं डावीकडे दुसरं. मग मधूनमधून, कुठूनही, टक्, टक्, कुणी रानात बसून बोटं मोडत असल्यासारखं.

लेकीनं एक कोरडं राहिलेलं बोंड काडीच्या आतल्या बाजूनं खुडलं, तळहातावर ठेवलं, बोटाला थुंकी लावून ते ओलं केलं आणि हात डोळ्यांजवळ धरून उभी राहिली. मीही वाकले. दोघींची डोकी एकमेकींना लागली. बराच वेळ काही झालं नाही. मी घड्याळ पाहिलं नाही. मग बोंड तिच्या हातावर उडालं, बी तिच्या चष्म्याच्या काचेवर आपटलं आणि ती केवढ्यानं तरी हसली.

‘‘आई, अजून एक.’’

मी दुसरं बोंड शोधायला लागले.